दुर्पताच्या मापाची गादी

रामकलीबाईच्या पहिल्या नातवाचं बारसं झालं, ते दोन हजार तेवीस साल. त्याच साली दिवाळीनंतर ती गोंदियाच्या दवाखान्यात रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबली होती. समोरच्या बाकावर एक बाई आडवी झाली होती. तिचा नवरा उदेभान, कुडव्यात गाड्यांच्या सीट बनवणारा, खिशातून टेप काढून तिला मोजू लागला.

"हात काढा! जित्या माणसाले निजवून मोजते का कोणी?"

"डॉक्टरनं घरी न्या म्हटलं, अन् तू म्हणतं माहेरी तिरोड्याले जातो. तुले बसवत नाही. शेजारच्या पिंटूच्या व्हॅनची मागची सीट काढून गादी बसवतो."

"लोक पाहून राहिले. म्हणतीन, तिरडीचं माप घेऊन राहिला."

"पाहू दे. पाय लांब कर, दुर्पता."

"फोम कोणता टाकसान?"

"कडक. टिकते."

"मले कितीक दिवस टिकवाचा आहे? मऊ टाका. जन्मभर लोकायले मऊ बसवलं, अन् घरी सतरंजी."

"बरं, मऊ."

"अन् उरलेले तुकडे जोडू नका. सलग कापड घ्या."

"हव, सलग."

"कधी होईन?"

"शनिवारी."

"तुमचा शनिवार मले मालूम आहे. गिऱ्हाइकाले तीन-तीन शनिवार फिरवता."

"हा शनिवार पक्का."

"मंग आईले फोन लावा. सांगा, दुर्पता येऊन राहिली."

पुढच्या हप्त्यात रामकलीबाईला कुडव्याच्या एका बाईकडून कळलं. उदेभानने गादी बुधवारीच तयार केली होती. दुर्पता गुरुवारी, सात डिसेंबरला, पहाटे वारली.