नागिणीचा उतारा

असम्प्टा : कोट नंतर काढ. आधी सांग, उतारा म्हणणार आहेस की नाही?

मालाकी : डब्लिनहून कुठेही न थांबता गाडी हाकत आलोय. निदान चहा तरी विचार.

असम्प्टा : चहा मिळेल. मी गॉलवेहून आल्यापासून पाच दिवस मम्मीचा डोळ्याला डोळा नाही. पाठीपासून पोटापर्यंत नागीण उठलीय. अंगाला चादर लागू देत नाही. दोन्ही टोकं मिळाली की माणूस जातो, हेच धरून बसलीय.

मालाकी : मिळत नाहीत ती. नागीण एका बाजूच्या नसेवर येते आणि तिथेच राहते. गोळ्या कधी सुरू केल्या?

असम्प्टा : परवा.

मालाकी : परवा. पुरळ उठल्याबरोबर घ्यायच्या असतात त्या, असम्प्टा. तीस वर्षं मी स्टेजवर उभा राहून लोकांना हसवत हसवत हेच सांगतोय, की बाबांनो, अंगारेधुपारे सोडा, डॉक्टर गाठा. आणि माझ्याच घरात ही तऱ्हा.

असम्प्टा : स्टेजवर तू आणखीही बरंच सांगितलंस. आजोबांनी मम्मीला उताऱ्याचा मंत्र दिला, मम्मीनं तुला. पुरुषाकडून बाईला, बाईकडून पुरुषाला, तिसऱ्याच्या कानावर न जाता. तू तो तिकीट लावून ऐकवलास.

मालाकी : एकोणीस वर्षांचा होतो मी. पबच्या माडीवर बारा माणसं बसलेली, एकही हसत नव्हता. तेव्हा जे तोंडात आलं ते बोललो. मग हसले.

असम्प्टा : आणि पुढे तीस वर्षं हसवत राहिलास.

मालाकी : हे बघ, आजारी पोरांच्या आयांना लुबाडणाऱ्या त्या बुवाला मी टीव्हीवर उघडा पाडला, तेव्हा तूच फोनवर रडली होतीस. अभिमान वाटतो म्हणालीस.

असम्प्टा : तो चोर होता. मम्मीनं कधी कुणाकडून अंडंसुद्धा घेतलं? बरं झालेला माणूस आभार मानायला लागला तर त्याला अंगणातूनच परत पाठवायची.

मालाकी : मी तिला चोर कधीच म्हटलं नाही.

असम्प्टा : नाही. खुळी म्हटलंस. तेव्हापासून दाराशी माणूस येईनासा झाला. या टेबलापाशी ती एकटी चहा पीत बसते.

मालाकी : मला वाटायचं, एका गावातलं एक खूळ तरी आपण संपवलं. मुलाखतींमध्ये सांगायचो मी.

असम्प्टा : वाचलंय मी. तिनंही वाचलं असेल. आता एवढं कर. तू मानू नकोस. नुसते शब्द म्हण, तिला झोप लागेल.

मालाकी : ते शब्द तोंडात आले की मी हशासाठी थांबतो. ‘तांबड्या किड्या, तांबड्या किड्या, जा बिशपच्या बुटात.’ इथे चार आकडे मोजायचे. मग पुढचं. सवयच लागलीय.

असम्प्टा : इथे कोण हसणार आहे?

मालाकी : बरं. म्हणतो. काडीचा विश्वास नाही माझा, पण म्हणतो. उठव तिला.

(मम्मी दाराची चौकट धरून उभी आहे. केव्हापासून, हे दोघांनाही ठाऊक नाही.)

मम्मी : उठलेलीच आहे. मालाकी, जाड झालास रे.

मालाकी : मम्मी, बस ना. फार दुखतंय?

मम्मी : उकळतं पाणी ओतल्यासारखं होतंय. उभीच बरी मी.

मालाकी : मग तशीच राहा. हात दे इकडे. तांबड्या किड्या, तांबड्या...

मम्मी : राहू दे. ते शब्द ते नव्हेत.

मालाकी : तूच दिलेस. गोठ्यात नेऊन, कानात सांगितलेस.

मम्मी : सांगितले. पाव भाजता भाजता रचले होते मी ते. म्हटलं, हे वर्षभर पोटात ठेवतोस का बघू. ठेवलेस तर खरे द्यायचे.

असम्प्टा : मम्मी, काय बोलतेस तू?

मम्मी : तीन आठवडे राहिले त्याच्या पोटात.

मालाकी : म्हणजे बिशपचे बूट...

मम्मी : माझेच. लोक फार हसले म्हणे. जरा बरं वाटलं मला.

मालाकी : तीस वर्षं त्यावर जगलो मी. एका शब्दानं बोलली नाहीस.

मम्मी : तुझं पोट चाललं होतं. मी कशाला मोडता घालू?

मालाकी : आणि खरे?

मम्मी : पॅकी मॅकगोल्ड्रिकला दिले. त्याच वर्षी. एकदा दिले की आपल्याकडे राहत नाहीत, म्हणून माणसं इथे येत नाहीत. त्याच्याकडे जातात. पार डोंगरापलीकडून येतात. तुमच्या दोघांच्या कानावर कुणी येऊ देत नाही, एवढंच.

मालाकी : तोतरा पॅकी?

मम्मी : तू नक्कल करायचास तोच. शब्द म्हणताना तो अडखळत नाही.

मालाकी : मी तुझा मुलगा होतो, मम्मी. मला द्यायला हवे होतेस.

मम्मी : तू तर मानत नाहीस.

मालाकी : नाही मानत.

मम्मी : मग तुझं काय गेलं?

मालाकी : माहीत नाही. पण गेलं.

असम्प्टा : फाटक वाजलं. कोण आलंय आता?

मम्मी : पॅकीच असेल. दोनदा येऊन उतारा म्हणून गेला, तू दुकानात गेलेली असताना. आज तिसरी खेप. असम्प्टा, किटली ठेव. आणि मालाकी, तू मागच्या अंगणात थांब जरा. तुझ्यादेखत तो म्हणणार नाही.