खुंटीवर न टांगलेली दोन हेल्मेट

विचारल्यावरून समक्ष सांगतो की, मला सगळे घड्याळवाले म्हणतात. वय ६७ वर्षे, धंदा घड्याळदुरुस्ती (दुकान दोन वर्षांपूर्वी बंद केले, हात अजून थरथरत नाही), राहणार बेकरीच्या वरचा मजला. पत्नी हयात नाही. या जबाबातील वेळा माझ्या मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे आहेत. पोलीस ठाण्याच्या भिंतीवरचे घड्याळ चार मिनिटे मागे आहे, त्याची नोंद व्हावी.

माझ्यासोबत विहीणबाई होत्या, म्हणजे माझ्या मुलीच्या सासूबाई. वय ६४, टपाल कचेरीतून निवृत्त, यजमान जाऊन नऊ वर्षे झाली. आम्हा दोघांना मुलांनी एकेक इलेक्ट्रिक बाईक घेऊन दिली आहे, भाजी आणण्यासाठी. दर बुधवारी आम्ही त्यांवरून जुन्या शहराचे पडके अवशेष आणि तिथली भुयारी थडगी पाहायला जातो. भाजी राहून जाते ही मुलांची तक्रार खरी आहे.

येत्या रविवारी विहीणबाई परगावी थोरल्या मुलाकडे कायमच्या राहायला जाणार आहेत. सामान बांधून झाले आहे. म्हणजे आजची फेरी शेवटची. हे हवालदारसाहेबांनी विचारले नव्हते, मीच सांगितले.

आज सकाळी ११.२० वाजता निघालो. चढावर विहीणबाई पुढे होत्या. बॅटरी दोघांची सारखीच आहे, पण त्यांना मागे राहणे जमत नाही. १२.१० ला भुयारापाशी पोचलो. उन्हात बॅटरी तापू नये म्हणून मी दोन्ही गाड्या पडक्या भिंतीमागे सावलीत लावल्या.

तिथला नियम असा, की खाली जाणाऱ्याने आपले हेल्मेट फाटकाजवळच्या खुंटीवर टांगायचे. रखवालदाराचे गुडघे दुखतात, तो बेचाळीस पायऱ्या उतरत नाही, नुसत्या खुंट्या बघतो. खुंट्या रिकाम्या तर खाली कोणी नाही. मागच्या बुधवारी ठेंगण्या कमानीवर आपटून माझ्या कपाळाला टेंगूळ आले होते. विहीणबाईंनी त्याचे वर्णन सगळ्या नातेवाइकांत करून झाले आहे. म्हणून आज मी हेल्मेट काढले नाही आणि त्यांनाही काढू दिले नाही. रखवालदाराने एकच्या सुमारास रोजच्याप्रमाणे फाटकाला कुलूप घातले आणि शेजारच्या खोलीत जेवून झोपला. चूक सर्वस्वी माझी आहे. माझी मुलगी आणि जावई त्याच्यावर कारवाई करा म्हणून अडून बसले आहेत, ती करू नये. बिचाऱ्याची नोकरी जाईल.

खाली भिंतीत मृतांसाठी कोरलेले ओटे आहेत, आता रिकामे. मी एकाची लांबी वितीने मोजत होतो. विहीणबाई म्हणाल्या, "अहो व्याही, जागा बघून ठेवताय की काय? पाय बाहेर येतील तुमचे." वर आलो तेव्हा फाटक बंद होते. मोबाईलला तिथे रेंज नसते. मी रखवालदाराला एक हाक मारली. केवढ्याने, असे हवालदारसाहेबांनी विचारले. बेताच्या आवाजात.

नंतर आम्ही वरच्या पायरीवर बसून थर्मासमधला चहा घेतला. १.१० नंतर मी घड्याळ पाहिले नाही. त्या वेळात काय बोलणे झाले याचा प्रकरणाशी संबंध नाही. शेवटी मी एवढेच म्हणालो, की तुम्ही जाऊ नका, मला करमणार नाही. त्या म्हणाल्या, "हे एवढं सांगायला तुम्हाला बेचाळीस पायऱ्या खाली उतरावं लागलं?" पुढे त्या काही बोलायच्या आत कुलूप निघाले. आम्ही जेवायला आलो नाही म्हणून मुलीने ठाण्यात फोन केला होता. पोलीस आले ती वेळ ३.३६.

आणखी एक खरे सांगतो. गाडीच्या रिमोटचे बटण दाबले की गाडी लांबूनही ठणाणा करते. गाड्या फाटकापासून वीस पावलांवर होत्या. रखवालदार काय, सगळा गाव जागा झाला असता. रिमोट पूर्ण वेळ माझ्या खिशात होता. मी तो दाबला नाही. का नाही, ते वर आलेच आहे. विहीणबाईंना यातले काही ठाऊक नव्हते, त्यांना दोष देऊ नये.

जबाब इथवर मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा विहीणबाई समोरच्या बाकावर बसून ऐकत होत्या. त्यांनी उठून पर्स उघडली, स्वतःच्या गाडीचा रिमोट काढून टेबलावर ठेवला आणि हवालदारसाहेबांना म्हणाल्या, "हाही लिहून घ्या. आणि पुन्हा बोलवायचं झालं तर माझा पत्ता आहे तोच ठेवा. मी कुठे जात नाहीये."

वरील दुरुस्तीसह जबाब पुन्हा वाचून घेतला. एकही शब्द कमी करायचा नाही, म्हणून खाली सही करतो. वेळ ६.१७, भिंतीवर ६.१३.