हार्पूनचे उलटे दात

आखातात, अहमदीतल्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर दोघे बसले होते. एकाच्या शर्टावर रक्त होतं.

"अशरफभाई, विठ्ठलच्या हाताला झालं काय नक्की?"

"हार्पून घुसला. आमच्या अरब मालकाच्या बोटीवर हार्पूनची बंदूक साफ करत होता, हार्पून सुटला."

"हार्पून म्हणजे भालाच ना?"

"नुसता भाला नव्हे रे. टोकाला उलटे दात, पाठीमागे दोरी. मासा जेवढी ओढ घेतो तेवढे दात आत रुततात. रत्नागिरीला माझे आजोबा असल्याच हार्पूनने मोठ्या मुशी, म्हणजे शार्क, मारायचे. अंगात घुसला तर ओढायचा नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक."

"मग त्याचा अख्खा पंजा कसा फाटला?"

"मी ओढला."

"तुम्ही? ठाऊक असून?"

"तो माझ्याकडे बघून ओरडत होता, सुदेश. 'अशरफभाई, काढा, काढा.'"