हात आखडला आहे

...नाही, पण दोष माझा कसा, हे मला कुणीतरी शुद्ध भाषेत समजावून सांगा! एकोणचाळीस वर्षं, तुम्हाला सांगतो, एकोणचाळीस वर्षं मी आयोवातल्या ह्या मक्याच्या शेतांनी वेढलेल्या मैदानावर पोरांना बेसबॉलचा चेंडू फेकायला शिकवतो आहे, आणि एवढ्या काळात माझ्या एकाही टिपणात काना-मात्रा चुकली असेल तर दाखवा. शाळा मी आठवीत सोडली, हे मान्य. परंतु शब्दकोश पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा वाचला आहे, तोही संघाच्या बसमध्ये, बाकीचे पत्ते कुटत असताना! शब्द नेमका हवा, एवढंच माझं म्हणणं. माझी बायको वर्ना म्हणते, "ऑर्विन, मी गेले की तू आधी 'मेली' लिहायचं की 'वारली' लिहायचं ते ठरवशील, आणि मग रडशील." म्हणेना का!

तर आमचं मैदान म्हणजे शिडीची वरून दुसरी पायरी. इथून पोरगा चढला की थेट मेजर लीगमध्ये, देशातल्या सगळ्यात मोठ्या साखळीत. पण आमच्यात तिचं नाव कुणी घेत नाही, नुसतं 'वर' म्हणतात. अमका वर गेला, तमक्याला वरून बोलावणं आलं... बाकीच्या जगात माणूस वर गेला की टोप्या काढतात, आमच्यात हवेत उडवतात! हा शब्दप्रयोग मला पहिल्यापासून खटकत आलेला आहे. पण माझं ऐकतो कोण? मी स्वतः कधी वर गेलो का? नाही. पुढे विचारू नका.

आणि हा एलादियो पायानो. वय वीस, डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या कोळ्यांच्या गावातला. हात असा, की चेंडू दिसायचाच नाही, नुसता कॅचरच्या हातमोज्यात फाट्कन आवाज यायचा! मला 'प्रोफे' म्हणायचा. त्यांच्याकडे मास्तरांना तसं म्हणतात. इथली भाषा त्याला जेमतेम येत होती, म्हणून ती शिकवण्याचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. रोज दुपारी, सरावाआधी, एक शब्द. तो वहीत उतरवून घ्यायचा, जिभेचं टोक बाहेर काढून, उजव्या हाताने, सुबक अक्षरात.

जुलैतल्या एका गुरुवारी तो आला, कोपराच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं आणि म्हणाला, "प्रोफे, इथे दुखतं."

आता तुम्हाला आमचा तक्ता सांगितलाच पाहिजे. प्रत्येक पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, हाताचं टिपण रोज वर पाठवावं लागतं. रकाने चार: ताजा, दमलेला, आखडलेला, दुखरा. पहिल्या तिन्हींकडे वर कुणी ढुंकून बघत नाही. चौथ्यात खूण केलीत की संपलं, डॉक्टर, यंत्रं, तपासण्या, निदान तीन आठवडे बाकावर! म्हणून ह्या खेळात 'दुखतं' हा शब्द कुणी उच्चारतच नाही. हात खांद्यातून निखळून मांडीवर येऊन पडला तरी पिचर म्हणेल, "जरा आखडल्यासारखं वाटतंय." लहानपणापासून शिकतात ते. ह्याला कुणी शिकवलंच नव्हतं हो! बिचाऱ्याने खरा शब्द वापरला.

आणि मी काय केलं? मी तो शब्द तपासायला घेतला!

"जेवताना दुखतं?" मी विचारलं.

"नाही, प्रोफे."

"दात घासताना?"

"दात मी आता डाव्या हाताने घासतो."

हे उत्तर, तुम्हाला सांगतो, मी ऐकलं, ह्या कानांनी ऐकलं, आणि भाषेच्या अंगाने ऐकलं! वाक्यरचना बिनचूक होती! मी त्याला शाबासकी दिली!

"म्हणजे फेकतानाच जाणवतं ना? मग ते दुखणं नव्हे, बाळ. दुखणं निराळं, आखडणं निराळं. शब्द नेमका हवा. म्हण, आखडतं."

"आखडतं," तो म्हणाला, आणि त्याने वहीत लिहून घेतलं.

पुढच्या वीस मिनिटांत फोन. वरून! प्रेस्टन लिडगेट, वय एकतीस, कोणता पोरगा कधी चढवायचा ते हा ठरवणार. "ऑर्विन, आमचा रविवारचा पिचर जायबंदी झालाय. पायानोचा हात कसा आहे? प्रवचन नको हं, एका शब्दात."

एका शब्दात! एकोणचाळीस वर्षांत वरच्या कुणी माझ्याकडे शब्द मागितला नव्हता. मी छाती पुढे काढली, फोनवर ती कुणाला दिसणार होती देव जाणे, आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "आखडलेला."

"बस्स? मग द्या पाठवून."

बातमी सरळ सांगायची नाही, हा आमचा रिवाज. आधी पोराला रडकुंडीला आणायचं. आमचा मॅनेजर क्लुग ह्यात पटाईत. त्याने सगळ्यांना गोळा केलं, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकली, आणि डोळे वटारून म्हणाला, "पायानो! शनिवारी तू फेकणार नाहीस."

मी त्या वेळी पोराचा चेहरा बघत होतो. ह्या वाक्याला पोरांचे चेहरे पडतात. ह्याचा... उजळला. पायात रुतलेला काटा निघावा तसा. क्षणभरच! कारण क्लुग पुढे गरजला, "कारण रविवारी फेकायचंय लेका! वर!"

मग काय, आरडाओरडा, पाठीत गुद्दे, डोक्यावर पाणी, मिठ्या. एलादियोने प्रत्येकाला मिठी मारली. डाव्या हाताने. उजवा बाजूला धरून, ओला रंग लागला असावा तसा. मी पाहिलं. पाहिलं, आणि टाळ्या वाजवल्या.

घरी वर्नाला सांगितलं, "मी बारावा पोरगा वर पाठवला."

"हात कसा आहे त्याचा?"

"आखडलाय."

"म्हणजे दुखतोय."

"वर्ना, दोन्हींत फरक आहे!"

"काय फरक आहे?"

मी शब्दकोश काढला. तो उघडेपर्यंत ती बटाटे सोलायला निघून गेली होती.

रविवारी आम्ही सगळे टीव्हीपुढे. पहिल्या डावात तीन फलंदाज गारद! क्लुग खुर्चीवर चढून नाचला. पोराने हात आखडता म्हणून घेतला नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. दुसरा डाव, एकतिसावा चेंडू... तो कॅचरकडे गेलाच नाही, त्याच्या डोक्यावरून मागच्या जाळीत गेला. एलादियो ओरडला नाही, खाली बसला नाही. नुसता स्वतःच्या हाताकडे बघत उभा राहिला, दुसऱ्या कुणाचा तरी चुकून आपल्याकडे आल्यासारखा. आणि टीव्हीवरचा समालोचक काय म्हणतो? "हात थोडा आखडलेला दिसतोय."

माझा शब्द! देशभर!

कोपरातला बंध फाटला होता. शस्त्रक्रिया झाली, मग दुसरी झाली. लिडगेटसाहेबांचा फोन, "तुमच्या टिपणात 'आखडलेला' होतं, ऑर्विन!" मी म्हटलं, "तुम्ही एकच शब्द मागितला होता!" त्यावर त्यांनी एकच शब्द वापरला, तो माझ्या कोशात आहे, पण मी उच्चारत नाही. पुढच्या हंगामाआधी संघाने पोराला 'मोकळा' केला. मोकळा! बघा, शब्द कसे निवडतात...

मार्चमध्ये तो बूट आणि हातमोजा न्यायला आला. क्लुगने त्याला मिठी मारली, ह्या वेळी अगदी जपून. जाता जाता माझ्यापाशी थांबला.

"प्रोफे, एक शब्द हवाय." उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट त्याने पुढे केलं. "ही दुखत नाहीत. आखडतही नाहीत. चेंडूची शिवण ह्यांना लागतच नाही. आहेत, पण नाहीत. ह्याला काय म्हणायचं?"

तुम्हीच सांगा, काय सांगायला हवं होतं मी त्याला? त्या गुरुवारीच सांगायला हवं होतं, ते कळतं मला!

"बधिर," मी म्हणालो.

त्याने वही काढली, डाव्या हाताने, सावकाश, लहान मुलासारखं एकेक अक्षर जोडत लिहिलं, आणि बरोबर आहे का म्हणून मला दाखवलं.

धी दीर्घ काढला होता.

काय करणार... ऱ्हस्व करून दिला.