सायलीची बाईक आणि माझी दोरी

आमच्या सायलीला, म्हणजे नातीला, मिरजोळ्याच्या कारखान्यात नोकरी लागली नि तिने स्पोर्ट बाईकचा हट्ट धरलान. मीही गेले शोरूमला. तिला नेमकी महागातली आवडली.

"आजी, विमा फक्त समोरच्याच्या नुकसानीचा काढते. तेवढाच सक्तीचा असतो. मग ही परवडेल."

"आणि आपली गाडी मोडली तर?"

"मी कशाला पाडतेय? नारळ फोडू की गाडीपुढे!"

"अगो, नारळ आपण दर्यालाही देतो. म्हणून होडीचा विमा सोडलाय काय?"

तोंड फुगवलंन, पण गाडी स्वस्तातली घेतलीन नि विमा पुरा काढलान.

आठच दिवस झाले असतील. अंगणात बोंबील वाळत घालायला मी दोरी बांधत होते. एक टोक माडाला बांधलं, दुसऱ्याला खांब मिळेना. बाईक उभीच होती, तिच्या हँडलला बांधलं. ओले बोंबील ते, वजन केवढं! शेवटची जोडी अडकवली नि गाडी धाडकन आडवी. पुढचं कव्हर फुटलं. सायलीने गाडी उभी केलीन नि विमा कंपनीला फोन लावलान.

विम्याचा माणूस बघायला आला.

"गाडी किती वेगात होती?"

"उभी होती," सायली म्हणाली.

"मग धडक कोणी दिली?"

सायलीने माझ्याकडे बघितलंन. खोटं कशाला बोलू? म्हटलं, "बोंबलांनी. लिहा तसंच."

त्याने खरंच लिहिलंन, नि पैसे मिळालेही. बाईक मात्र आता शेजारणीच्या अंगणात उभी असते.