तारीख न घातलेला कागद

प्रसूतीच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या.

“ऑफिसात सांगितलंस का गं?”

“नाही, ताई. फाइल पोटाशी धरून वावरते.”

“अगं, सहावा सरत आला! रजा हक्काची आहे, भरपगारी. डॉक्टरांचा दाखला जोड नि अर्ज देऊन टाक. काढून टाकता येत नाही त्यांना.”

“काढणार नाहीतच. मीच सोडून गेले म्हणतील.”

“असं कसं म्हणतील?”

“रुजू होतानाच सगळ्या बायकांकडून राजीनामा लिहून घेतात. खाली माझीच सही आहे. तारीख तेवढी कोरी ठेवलीय.”

“नि तू केलीस सही?”

“नोकरी हवी होती, ताई.”

“कुठे असतो तो कागद?”

“साहेबांच्या खणात. रजेचा अर्जही त्यांच्याच हातात द्यायचा असतो.”