मॉरिस गाडीच्या नळीवरील गाठीबाबत

जबाब. सुरत, डिसेंबर १९९६.

माझे नाव भागीरथीबाई बोरसे. वय माहीत नाही, जमादारांनी तोंडाकडे बघून पासष्ट धरले आहे. काम घरचे, राहणार लिंबायत. पतीचे नाव मी तोंडाने घेणार नाही असे सांगितल्यावरून ते मुलाला विचारून भगवान असे लिहिले आहे. मला अक्षर येत नाही. माझी बोली मराठी असल्याने जमादार वसंत सोनवणे यांनी मराठीत लिहून घेतले. मी समक्ष हजर राहून सांगते की,

लोटू हा माझा मुलगा. घराला लागून पत्र्याची शेड आहे, तिथे तो रिक्षा दुरुस्त करतो. दिवाळीआधी कापडाचे व्यापारी रमणिक शेठ यांनी त्यांच्या वडिलांची जुनी मॉरिस गाडी ओढत आणून दिली. इंजिन खलास झाले होते. भंगारातल्या अॅम्बेसेडरचे पेट्रोल इंजिन काढून तिच्यात बसवायचे ठरले. शेठना मुलीची पाठवणी त्याच गाडीतून करायची होती.

मोठ्या गाडीचे काम लोटूला नवे. म्हणून त्याने सचिन गावच्या मगन मिस्त्रीला बोलावले. मगनने भंगारातले इंजिन सोडवताना कार्बोरेटरच्या प्रत्येक नळीला, आणि ती जिथे बसते त्या तोंडाला, एकाच रंगाची चिंधी बांधली. लूमची, म्हणजे यंत्रमागाची, कातरण आमच्याकडे हवी तेवढी असते. लाल ती पेट्रोल आत येण्याची, पिवळी ती जादा पेट्रोल बाहेर टाकण्याची. दोन्ही नळ्या सारख्याच जाड. मगन म्हणाला, "लोटू, रंगाला रंग लाव, डोकं लावू नको," आणि भाऊ आजारी म्हणून गावी गेला. लोटूने डोके लावले नाही. माझे एवढे कधी ऐकत नाही.

गाडी शेडमध्ये आली तेव्हापासून आमचे म्हातारे, म्हणजे लोटूचे वडील, रोज दुपारी तिच्या मागच्या सीटवर बसू लागले. त्यांची हयात लूमवर तुटलेली सुताची तार जोडण्यात गेली. आता डोळ्यांना दिसत नाही, नुसता उजेड कळतो. गाडीच्या चाकांना विटा लावलेल्या, पुढे इंजिनच नाही. ते काच खाली करून हात बाहेर ठेवत. मी शेजारी वालपापडी सोलत बसे.

ते विचारत, "कोठे उनूत वं?" म्हणजे कुठे आलो. आमचे गाव धुळ्याकडे. मी बसल्या जागी तोंडानेच त्या रस्त्याने नेत असे. व्यारा आले, मी म्हणे. सोनगड आले, मी म्हणे. "सोनगड आलं तर गार का लागेना?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी पदराने वारा घातला. एके दिवशी म्हणाले, बोलू नको, बाहेर ज्वारी आहे. मी बोलले नाही. ज्वारी मलाही दिसली. हे जबाबात कशाला, असे जमादार म्हणतात. मी म्हणते, लिहा.

नवापूरच्या पुढे आमची गाडी कधी गेली नाही. तेवढ्यात नळाला पाणी येई आणि मला हंडा घेऊन उतरावे लागे.

गावी जायचे तर बस आहे, असे जमादारांनी विचारले. आहे. पण बसमध्ये कंडक्टर विचारतो, कोणाकडे उतरणार. तिथे आमचे आता कोणी नाही.

इंजिन बसले. लोटू जेवताना म्हणाला, नळ्या जोडतो आणि गाडी शेठना नेऊन देतो. म्हाताऱ्यांनी भाकरी तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी लोटूने रंगाला रंग लावून चावी फिरवली. गाडी खोकली, पेट्रोलचा वास सुटला, बंद पडली. मग रोज तेच. त्याने प्लग बदलले, कार्बोरेटर खोलून धुतला. मी म्हटले, "आता हिच्यापुढे नारळ फोड, नाहीतर हिला घटस्फोट दे." म्हातारे मागे बसून म्हणाले, "घाई काय आहे?"

शेठच्या मुलीची पाठवणी दुसऱ्या गाडीतून झाली. ते दारात येऊन म्हणाले, "बा, तमारा छोकराए मारो भरोसो तोड्यो," म्हणजे मुलाने भरवसा मोडला. त्यांचा राग मला पटतो. लोटूने चांगला कार्बोरेटर विकून खराब बसवला आणि गाडी अडवून ठेवली, अशी तक्रार त्यांनी दिली. आज सकाळी पोलीस लोटूला घेऊन गेले.

तो गेल्यावर मी बोनेटमध्ये वाकून पाहिले. मला नळीतले कळत नाही, गाठीतले कळते. मगनची गाठ म्हणजे नाडीची गाठ, जाड. दोन नळ्यांवरच्या गाठी मात्र बारीक, चपट्या, शेपूट आत घेतलेल्या. तशी गाठ लूमवर तार जोडताना मारतात. बोट फिरवले तरी लागत नाही.

म्हातारे मागे बसलेलेच होते. मी विचारले, "ह्या कोणी मारल्या?"

ते म्हणाले, "दोनच बदलल्या."

"लोटूला धरून नेलं."

ते दाराचा खटका शोधू लागले. त्यांना तो सापडेना. मी उघडून दिला नाही. तशीच चौकीवर आले.

जमादार लोटूला घेऊन शेडवर आले. त्याने त्या दोन नळ्यांची अदलाबदल केली. एका चावीत इंजिन लागले. कार्बोरेटर मगनने आणलेलाच आहे, भंगारवाल्याची रंगाची खूण त्यावर तशीच आहे, ती जमादारांनी पाहिली. लोटूने काही विकलेले नाही. त्याला सोडावे. गाठी बदलल्याबद्दल म्हाताऱ्यांना विचारायचे ते विचारावे, पण जरा थांबून.

कारण चौकीवर गाडी लोटूने चालवत आणली आणि म्हातारे तिच्यातून उतरलेले नाहीत. वाटेत त्यांनी मला काही विचारले नाही. हात बाहेर होता. चौकीशी थांबलो तेव्हा म्हणाले, "नवापूर गयं," म्हणजे मागे पडले. मी नाही म्हणू शकले नाही.

शेठ चौकीच्या दारात उभे होते. त्यांनी विचारले, "दादा केम उतरता नथी?" म्हणजे का उतरत नाहीत. मी सांगितले, पुढे घाट आहे. शेठनी खिडकीतून आत पाहिले. मग म्हणाले, त्यांचे वडीलही शेवटी असेच मागे बसून असायचे. आता शेठ स्वतः पुढे स्टिअरिंगवर बसले आहेत. इंजिन चालू आहे, ते इथे ऐकू येते. त्यामुळे मला जास्त वेळ बसता येणार नाही.

लिहिलेले जमादारांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तसेच उतरले आहे. मी जिथे हसले तिथे हसली असे लिहिलेले नाही, त्याला माझी हरकत नाही.

भागीरथीबाई बोरसे, डाव्या हाताचा अंगठा.
समक्ष: वसंत सोनवणे, जमादार.